उसाच्या फडातील बिबट्या

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर तालुका आहे. पश्चिमेस सह्याद्रीची उंच रांग, मध्यभागी शिवनेरीचा इतिहासप्रसिद्ध किल्ला आणि पूर्वेस कुकडी, मीना, पुष्पावती या नद्यांच्या काठी पसरलेली सपाट शेतजमीन, असे या तालुक्याचे रूप आहे. पूर्वी या सपाट भागात पावसाच्या भरवशावर बाजरी, ज्वारी आणि कडधान्ये पिकत. सुगी संपली की शिवार उघडे पडे आणि उन्हाळ्यात दूरवर नजर टाकली तरी सावलीला एखादे बाभळीचे किंवा कडुनिंबाचे झाडच काय ते दिसे. पुढे कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे बांधली गेली. कालव्यांचे पाणी शेतांत खेळू लागले आणि जेथे बाजरी होती तेथे ऊस उभा राहिला.

या पाण्याने शेतकऱ्याच्या घरी सुबत्ता आणली. परंतु त्याच पाण्याने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एका वन्य प्राण्यासाठीही घर बांधून दिले. तो प्राणी म्हणजे बिबट्या होय. आज जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, तसेच अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व नाशिक या जिल्ह्यांच्या बागायती भागांत बिबट्या हा माणसाचा शेजारी झाला आहे. हा शेजार कोणीही मागून घेतलेला नाही. तो कसा घडून आला आणि तो निभावून कसा न्यावा, हे समजून घेणे त्या भागातील लोकांच्या दृष्टीने अगत्याचे झाले आहे.

बिबट्या हा मार्जार कुळातील प्राणी आहे. त्याला बिबळ्या असेही म्हणतात. खेड्यापाड्यांतील लोक तर त्याला सरळ ‘वाघ’ म्हणूनच ओळखतात. वास्तविक पट्टेरी वाघ हा याच कुळातील निराळा प्राणी असून तो बिबट्यापेक्षा आकाराने कितीतरी मोठा असतो. पूर्ण वाढ झालेल्या नर बिबट्याचे वजन सामान्यतः ५० ते ७० किलो भरते आणि मादी त्याहून हलकी असते. अंगावर पिवळसर रंग आणि त्यावर फुलांच्या पाकळ्यांसारखे मांडलेले काळे ठिपके असल्यामुळे सावलीत बसलेला बिबट्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो एकटा राहतो, दिवसा दडून बसतो आणि अंधार पडल्यावर भक्ष्याच्या शोधात निघतो. जड शिकार तोंडात धरून झाडावर चढण्याइतके बळ त्याच्या अंगी असते.

परंतु बिबट्याचे खरे सामर्थ्य त्याच्या बळात नसून परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या त्याच्या स्वभावात आहे. पट्टेरी वाघाला विस्तीर्ण जंगल आणि हरणे, रानडुकरे यांसारखी मोठी शिकार लागते. बिबट्याचे तसे नाही. हरीण मिळाले तर तो हरीण खातो. ते नसेल तर ससा, माकड, मुंगूस, कोंबडी, कुत्रा, एवढेच काय, उंदीरघुशींवरही तो भूक भागवतो. दडण्यापुरता आडोसा, पिण्यापुरते पाणी आणि पोटापुरते भक्ष्य एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की त्याचा संसार थाटला जातो.

उसाच्या शेतात या तिन्ही गोष्टी असतात. ऊस माणसाच्या डोक्यावर वाढतो आणि त्याची पाने एकमेकांत इतकी गुंततात की दहा पावलांवर काय आहे ते दिसत नाही. पाटाच्या पाण्यामुळे तेथे भर उन्हाळ्यातही गारवा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. एवढ्या काळात माणूस त्याच्या आत खोलवर क्वचितच शिरतो. सभोवती वस्त्या असतात, वस्त्यांवर कुत्री, शेळ्या व कोंबड्या असतात. ज्या प्राण्याला दाट झाडीची सवय आहे त्याला ऊस आणि झाडी यांत भेद करण्याचे काही कारण नाही. बिबट्याची मादी उसातच पिलांना जन्म देते. एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिले होतात आणि ती दीड ते दोन वर्षे आईच्या सोबत राहतात. अशा रीतीने उसात जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्यांनी डोंगरातील जंगल कधी पाहिलेलेही नसते. ‘जंगल सोडून बिबट्या गावात आला’ असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा तो कोठूनही आलेला नसतो. तो तेथेच जन्मलेला असतो.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास अकोले तालुक्यात झाला. अकोले हा प्रवरा नदीच्या खोऱ्यातील तालुका. याच नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. या खोऱ्यात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि हरणांसारखे मोठे वन्य भक्ष्य तेथे नाही. अशा ठिकाणी मोठे मांसाहारी प्राणी टिकून राहणे शक्य नाही, असा सर्वसाधारण समज होता. विद्या अत्रेय या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह येथे काम केले. वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवण्यात आले. कोणताही प्राणी समोरून गेला की त्याची प्रतिमा टिपली जाई. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगवेगळे असतात तशी प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते; त्यामुळे एकच बिबट्या दोनदा मोजला जाण्याची भीती नव्हती. २०१३ साली या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच प्रौढ तरसे त्या खोऱ्यात राहत होती. एवढ्या दाट वस्तीत राहूनही बिबट्यांचे माणसांवरील हल्ले तेथे विरळ होते.

मग हे बिबटे खात होते तरी काय? संशोधकांनी त्यांची विष्ठा गोळा केली, ती धुऊन तिच्यातील केस वेगळे काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. भक्ष्याचे केस पचत नसल्याने त्यांवरून कोणता प्राणी खाल्ला गेला हे ओळखता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की बिबट्याच्या एकूण आहारापैकी ८७ टक्के भाग पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यांत कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, मांजरांचा १५ टक्के आणि शेळ्यांचा ११ टक्के होता. विशेष म्हणजे त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. तरीही बिबट्याच्या पोटात शेळ्यांपेक्षा कुत्रीच अधिक गेली, कारण शेळी दिवसा राखणदाराबरोबर फिरते आणि रात्री गोठ्यात बंद असते, तर कुत्रे रात्रभर मोकळे हिंडते. उकिरड्यावर आणि टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांवर पोसलेली भटकी कुत्री बिबट्याला वस्तीकडे ओढून आणतात, हे यावरून स्पष्ट होते.

काही बिबट्यांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या हालचालींचाही मागोवा घेण्यात आला. पट्ट्यातील यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने प्राण्याचे ठिकाण नोंदवीत असे. या नोंदींवरून दिसून आले, की बिबट्या रात्री तासाला सरासरी ३३९ मीटर, तर दिवसा केवळ ६० मीटर सरकतो. दाट वस्तीच्या भागातील बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरांपासून २५ मीटरांच्या आतील होत्या. दिवसा मात्र अशा नोंदी शंभरात एकही भरल्या नाहीत. याचा अर्थ असा, की माणसे झोपली म्हणजे बिबट्या त्यांच्या अंगणाजवळून जातो आणि माणसे उठण्यापूर्वी निघून जातो. दिवस माणसाचा आणि रात्र बिबट्याची, अशी वेळेची वाटणी त्याने आपल्यापुरती करून घेतलेली असते.

ही वाटणी जेथे मोडते तेथे संकट उभे राहते. आणि ती काही वेळा माणसाच्या उपायांमुळेच मोडते, हा धडा जुन्नरला मिळाला. तेथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर दरवर्षी सरासरी चार हल्ले होत असत. गावाजवळ बिबट्या दिसला की लोक घाबरून जात आणि त्याला पकडण्याची मागणी करीत. २००१ नंतर पिंजरे लावून बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडण्यात आले आणि सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. असे २९ बिबटे हलवण्यात आले. प्राण्याला जंगल मिळेल आणि माणसाला शांतता मिळेल, असा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात हल्ल्यांची संख्या घटण्याऐवजी वर्षाला सरासरी सतरापर्यंत चढली, आणि त्यांत जीव गमावणाऱ्यांचे प्रमाणही वाढले.

असे का व्हावे? बिबट्या हा आपल्या मुलखाशी बांधलेला प्राणी आहे. कोठे पाणी आहे, कोठे दडावे, माणसे कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी जातात, हे सारे त्याला आपल्या मुलखात ठाऊक असते. पिंजऱ्यात कोंडला गेलेला, माणसांच्या गर्दीने भेदरलेला आणि मग अनोळखी ठिकाणी सोडून दिलेला बिबट्या तेथे थांबत नाही. परतीची वाट शोधीत तो अपरिचित गावांमधून भटकू लागतो आणि अशा वेळी माणसाशी त्याची गाठ पडणे फार धोक्याचे असते. इकडे त्याची रिकामी झालेली जागाही ओस राहत नाही. जवळपासचा एखादा तरुण बिबट्या ती व्यापतो, आणि या नवागताला त्या मुलखाची रीत माहीत नसते.

बिबट्या किती दूर चालून जातो याचे एक उदाहरण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढण्यात आले, गळ्यात पट्टा बांधण्यात आला आणि तेथून ५२ किलोमीटर दूर माळशेज घाटात सोडण्यात आले. वयाने प्रौढ आणि स्वभावाने शांत असल्यामुळे संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. आजोबा घाटात थांबला नाही. तो पश्चिमेकडे चालू लागला. शेते, वस्त्या, आगगाडीचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ८९ किलोमीटर भरते. त्याची प्रत्यक्ष वाट याहून बरीच लांब होती. आश्चर्याची गोष्ट ही, की एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मरण पावला. त्याच्या जीवनावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

तथापि सर्वच बिबटे आजोबासारखे वागतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उसाचे क्षेत्र वाढले तसे बिबटेही वाढले आणि अलीकडच्या वर्षांत हल्ल्यांच्या दुःखद घटना घडल्या. २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी रस्ते रोखून धरले. ज्या घरातील मूल गेले त्या घराला बिबट्याच्या संरक्षणाच्या गोष्टी सांगणे सोपे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या बिबट्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परवानगीने पकडण्याची, प्रसंगी ठार करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. वन्य प्राण्यांचे रक्षण म्हणजे माणसाच्या जिवाकडे दुर्लक्ष, असा त्याचा अर्थ नव्हे. किंबहुना जेथे माणसे सुरक्षित नाहीत तेथे कोणताही वन्य प्राणी फार काळ सुरक्षित राहू शकत नाही.

म्हणून हल्ला होऊ नये यासाठी आधीच काळजी घेणे, हाच उत्तम उपाय होय. बिबट्या सहसा उभ्या माणसाच्या वाटेला जात नाही. ओणवे झालेले, खाली बसलेले माणूस किंवा लहान मूल त्याच्या नजरेला भक्ष्याच्या उंचीचे दिसते. म्हणून सायंकाळनंतर आणि पहाटे मुलांनी एकटे बाहेर पडू नये आणि उसालगतच्या अंगणात एकट्याने खेळू नये. अंधारात जाणे भागच असेल तर दोघांतिघांनी मिळून, हातात दिवा व काठी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. माणसाचा आवाज ऐकून बिबट्या बहुधा आपणहून बाजूला होतो. घराजवळ शौचालय असावे, अंगणात दिवा असावा आणि घराला अगदी खेटून ऊस लावू नये. शेळ्यामेंढ्या रात्री वरून व चारही बाजूंनी बंद असलेल्या मजबूत गोठ्यात ठेवाव्यात. उरलेले अन्न आणि मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नयेत. म्हणजे भटकी कुत्री वाढत नाहीत आणि त्यांच्या मागावर बिबट्या येत नाही.

काही गोष्टी मात्र एकट्या कुटुंबाच्या हातच्या नाहीत. अनेक ठिकाणी शेतीच्या पंपांना वीज रात्रीच्या पाळीने मिळत आली आहे. त्यामुळे शेतकऱ्याला ऐन काळोखात, वाकून दारी धरीत उसाला पाणी द्यावे लागते. शेतीला दिवसा वीज द्यावी, ही बिबट्यांच्या प्रदेशातील शेतकऱ्यांची मागणी आहे आणि ती त्यांच्या जिवाशी निगडित आहे. उघड्या विहिरींना कठडे बांधणे हेही असेच महत्त्वाचे काम आहे, कारण रात्री भक्ष्यामागे धावताना अनेक बिबटे विहिरीत पडतात. अशा वेळी विहिरीत बाज किंवा पिंजरा सोडून त्यांना वर काढावे लागते. त्या प्रसंगी बघ्यांची गर्दी जमली, दगड मारले गेले किंवा आरडाओरड झाली, तर भेदरलेला बिबट्या समोर येईल त्याच्यावर धावून जातो. बिबट्या कोठे अडकलेला दिसला तर दूर राहून वनखात्याला कळवावे, एवढेच गावकऱ्यांचे काम असते.

ऊसतोडणीच्या हंगामात आणखी एक प्रसंग नेहमी घडतो. कामगारांची टोळी कोयत्यांनी ऊस तोडीत पुढे सरकत असते आणि एकाएकी पाचटात बिबट्याची इवलीशी पिले दिसतात. मादी भक्ष्यासाठी गेलेली असते किंवा माणसांच्या चाहुलीने जवळच्या फडात दडलेली असते. पिले अनाथ आहेत असे समजून ती उचलून नेली, तर आई त्यांच्या शोधात वस्तीभोवती फिरत राहते आणि माणसांना धोका उत्पन्न होतो. अनुभवाने यावर एक सोपा उपाय सापडला आहे. वनखात्याचे कर्मचारी आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्या निवारण केंद्राचे पशुवैद्य पिलांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ती पेटीत घालून जेथे सापडली तेथेच ठेवतात. माणसे दूर निघून जातात. पुष्कळ वेळा रात्री मादी येते, पेटी उलथवते आणि एकेक पिलू तोंडात अलगद धरून नव्या जागी घेऊन जाते. दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी हे दृश्य अनेकदा टिपले आहे. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी दिसली की शेतमालकही निश्चिंत होतो आणि तोडणी पुढे सुरू होते.

सह्याद्रीतील डोंगरी लोकांना या शेजाऱ्याची ओळख फार जुनी आहे. त्यांच्या पाड्यांच्या वेशीवर वाघोबाचे शेंदूर लावलेले ठाणे असते. आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी इतरत्र वसुबारस साजरी होते, त्याच दिवशी अकोल्याच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी लोक वाघबारस पाळतात. गाईगुरांचे रक्षण व्हावे म्हणून ते वाघोबाला नैवेद्य दाखवतात. या चालीरीतींनी हल्ले थांबत नाहीत. पण वाघ आणि बिबट्या याच मुलखाचे रहिवासी आहेत आणि त्यांच्या वाटेत सांभाळून वागले पाहिजे, ही जाणीव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली आहे. सपाटीवरच्या बागायती गावांना बिबट्याचा शेजार नवा आहे. त्यांच्यापाशी अशी परंपरा नाही; ज्ञान मात्र आता उपलब्ध आहे.

उसाचे पीक एकाएकी नाहीसे होणार नाही आणि ऊस आहे तोपर्यंत बिबट्याही राहणार. त्याला उचलून दूर टाकल्याने प्रश्न सुटत नाही, हे जुन्नरने दाखवून दिले; आणि दाट वस्तीतही बहुतेक बिबटे माणसाला टाळूनच राहतात, हे अकोल्याने दाखवून दिले. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून बंद गोठा, स्वच्छ गाव, अंगणातील दिवा आणि सायंकाळनंतर मुलांची सोबत, या साध्या सवयी ज्या गावाने अंगी बाणवल्या, त्या गावाच्या माणसांचा धोका कमी होतो आणि बिबट्यालाही आपल्या वाटेने जाता येते.